उकंडाची लेक

पुसदच्या फुटबॉल मैदानालगतच्या बाकावर दोन जुने प्रतिस्पर्धी बसले होते. धम्मरत्नने आयुष्यभर क्लब बदलले. प्रत्येकाने त्याला एकाच कामासाठी नेले, समोरच्याची चाल मोडायला. पांढरकवड्याच्या एका अंतिम सामन्यात त्याच्या टॅकलने उकंडाचा गुडघा कायमचा गेला. तोच उकंडा आज लेकीला घेऊन, प्रशिक्षक झालेल्या धम्मरत्नकडे लंगडत आला होता, आणि वर्षानुवर्षे जपलेली माफी धम्मरत्नने अजून मागितली नव्हती.

“भेता कायले, धम्माभाऊ? भांडाले नाही आलो. एकच पाय धड हाय, तो जपून बसतो.”

समोर उकंडाची लेक सुरभी, चेंडू जणू पावलांना बांधलेला असावा तशी, अडवायला आलेल्या तिघींच्या मधून अलगद निसटून गेली.

“हुबेहूब तुमचा खेळ, उकंडाभाऊ,” धम्मरत्न कसाबसा म्हणाला.

“म्हणूनच तुमच्यापाशी आणलं तिले. माझा खेळ काढून टाका तिच्यातून. तुमच्यावानी पाडणं शिकवा, म्हणजे तिले कोणी पाडणार नाही.”

“अन् जिले ती पाडणार, तिचं काय?”


उकंडा उठला आणि सुरभीला मैदानावरच ठेवून फाटकाकडे चालू लागला.