सोमवारचे फोटो

दोउदोउ भोकाड पसरून रडत होता आणि पाओचू त्याच्या आईला त्याचा हसरा फोटो पाठवत होती. फोटोखाली तिनं नेहमीचंच लिहिलं: पोटभर जेवला, छान झोपला, अजिबात रडला नाही. मग फोन ठेवून तिनं पोराला पुन्हा कडेवर घेतलं. कंबरेतून कळ गेली. बाहेर कीलुंग बंदराचा पाऊस न जाणाऱ्या पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून होता, आणि घरभर टांगलेल्या दुपट्यांना कुबट वास येत होता.

फोटो सोमवारचा होता. सुट्टी आईजवळ काढून आलेलं पोरगं सोमवारी सकाळी जरा खुलायचं. तेवढ्यात पाओचू त्याची लाळेरी बदलून बदलून आठवड्याभराचे फोटो काढून ठेवायची. लोकांची पोरं सांभाळण्यात तिचं आयुष्य गेलं होतं आणि यात तिला काही पाप वाटत नव्हतं. आईला ऑफिसात बसून पोराच्या रडण्याचं काय करायचंय? दोउदोउची आई वानथिंग तैपेईत एका विमा कंपनीत दिवसभर लोकांचे फोन घ्यायची. आधीच लोकांच्या शिव्या खायच्या, वर हा घोर कशाला?

संध्याकाळी वानथिंग आली की दोउदोउ तिला बघून गळा काढायचा. ती ओशाळून विचारायची, आज फार त्रास दिला का. पाओचू म्हणायची, छे गं, दिवसभर हूं की चूं नाही, तुला बघितलं की सुरू होतो. पोराचं तोंड तिनं आधीच कोमट पाण्यानं पुसून ठेवलेलं असायचं. वानथिंग मान खाली घालून त्याला रेनकोटात घ्यायची आणि निघून जायची. अलीकडे ती जरा उशिराच यायला लागली होती.

फोन वाजला. टेकडीवरच्या वृद्धाश्रमातून पाओचूच्या आईचा फोटो आला होता. लान नावाची व्हिएतनामी मुलगी तिथं आईचं सगळं करायची आणि न चुकता रोज फोटो पाठवायची. फोटोत आई हसत होती. खाली लिहिलं होतं: आजी पोटभर जेवल्या, छान झोपल्या, मजेत आहेत. हे वाचून पाओचूला बरं वाटायचं, आणि कुठंतरी लागायचंही. कारण ती भेटायला गेली की आई नुसती रडायची, तिचा हात सोडायची नाही. लान म्हणायची, एरवी अगदी आनंदात असतात हो, तुम्हालाच बघून त्यांना भरून येतं. आपल्याला बघून तिला रडूच येणार असेल तर जायचं कशाला, असं पाओचूनं मनाशी ठरवून टाकलं होतं. गेले काही रविवार ती तिकडे फिरकली नव्हती.

आईच्या अंगात जांभळी बंडी होती, कापूस भरलेली. पाओचू फोटोकडे बघत राहिली. मग तिनं मान वळवली. ती बंडी समोरच खुर्चीच्या पाठीवर होती. मागच्या खेपेला बटणं लावून देते म्हणून तिनं ती घरी आणली होती, ती अजून तशीच पडून होती.

तिनं लानला फोन लावला. पोर खांद्यावर रडतच होतं. चांगलं फैलावर घ्यायचं तिच्या मनात होतं, पण ऐन वेळी आई आत्ता काय करतेय, एवढंच तिनं विचारलं.  लान थकल्या आवाजात म्हणाली,

"रडतायत, मावशी. रोजच रडतात, दाराकडे बघून. तुम्हाला सांगून काय करू? उगाच तुमच्या जिवाला घोर."

पाओचूनं हळूच फोन ठेवला. त्या पोरीला बोलायला तिला तोंड नव्हतं.

ती तिथंच जमिनीवर बसली. दोउदोउला समोर बसवलं. त्याचं नाक वाहत होतं, डोळे सुजले होते, लाळेऱ्यावर रताळ्याची पेज सांडली होती आणि एका पायातला मोजा कुठंतरी गेला होता. तिनं तस्साच फोटो काढला. खाली लिहिलं: सकाळपासून रडतोय. रोजच रडतो. दाराकडे बघत बसतो. आणि पाठवून दिला. आता वानथिंग पोराला दुसरीकडे नेणार, कदाचित तक्रारही करणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. एकदा नाव खराब झालं की या वयात आपल्याकडे पोर कोण ठेवणार? तरी फोटो परत घ्यावा असं तिला वाटलं नाही. तिच्यात तेवढी ताकदच उरली नव्हती. एका हातानं पोराला थोपटत तिनं जांभळी बंडी पिशवीत भरली आणि पिशवी दाराशी ठेवली.

वानथिंगचं उत्तर आलं नाही. संध्याकाळची कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत यायच्या कितीतरी आधी ती स्वतःच दारात उभी राहिली. रेनकोटातून पाणी गळत होतं. दोउदोउनं तिला बघून नेहमीसारखा गळा काढला. तिनं काही विचारायच्या आधीच पाओचूनं सगळं सांगून टाकलं. ते हसरे फोटो सगळे सोमवारचे होते, चुकलं माझं, नेणार असशील तर ने.

 बूट काढायच्या बाकड्यावर वानथिंग ओल्या अंगानं तशीच बसली. पोराला तिनं छातीशी धरलं आणि त्याचं नाक आपल्या बाहीनं पुसलं.

"मावशी, मला उशीर व्हायचा तो कामामुळे नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, हा फक्त मलाच बघून रडतो."