स्टेपनीची हवा

“निनाददादा, आत आहेस का रे?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून हर्षालीने विजेवरच्या पिकअपला विचारलंच. ही गाडी चालवणाऱ्याचा आवाज आणि सवयी शिकून घ्यायची. गेलेल्या दादाचा तो आवाज बाबा उद्या पुसणार होते.

“आधी स्टेपनीची हवा बघ, बावळट!” गाडी दादाच्याच आवाजात म्हणाली. मैत्रिणी किंचाळत पळाल्या.

हर्षाली मात्र तिथेच थांबली. दादाने जन्मात कधी स्टेपनीकडे पाहिलं नव्हतं. म्हणूनच तर पंक्चर झाल्यावर तो घाटात अडकला आणि वरून त्याच्या डोक्यात दगड आला. मग गाडीला ही सवय लावली कुणी?

तिने स्टेपनी दाबली. खरंच हवा उतरली होती.

ती तडक घरात गेली. “आई, बाबा, आवाज पुसायचा नाही. मी चाक बदलायला शिकणार, आणि दादाच मला शिकवणार.”