पाहुण्यांवर ओरडणारा हवालदार

"पाहुणे चपला काढेपर्यंत शहाण्यासारखा बसतो. लेकीच्या लग्नाची गोष्ट निघाली, की लागलाच कोकलायला!" कोकिळाबाईंनी कपाळावर हात मारला.

नूतनने पिंजऱ्यात डोकावून पाहिलं. राखाडी अंगाचा, गालावर केशरी ठिपके असलेला कॉकाटील जातीचा पोपट दांडीवर बसून तिच्याकडे टकामका बघत होता. त्याचं नाव हवालदार. तब्येत ठणठणीत, पिसं चकचकीत. दुखण्याचं नाव नाही.

पाळीव पक्ष्यांच्या वाईट खोडी मोडण्यात नूतनचा हातखंडा. चावणारे, पिसं उपटणारे, रात्रभर जागवणारे, सगळे तिच्याकडे चाळीसगावला यायचे. पण जळगावहून धनसिंगचा फोन आला, तेव्हा तिला नवलच वाटलं. पोलिसांच्या श्वानपथकात त्याची उभी हयात गेली होती. निवृत्तीनंतरही जळगाव-धुळ्यात कुणाचा कुत्रा ऐकेना झाला, की लोक त्याचंच दार ठोठावत. असा माणूस वीतभर पाखरापुढे हात टेकतो?

"कुत्र्याची गोष्ट निराळी, ताई," धनसिंग बायकोपुढे, कोकिळाबाईंपुढे, खाली मान घालून म्हणाला. "पक्ष्यातलं मला काय कळतं?"

"मीच सांगितलं त्याले, तुले जमत नही ते बाहेरनं माणूस बोलाव!" खुर्चीतून जीवरामआबा गरजले. आबा म्हणजे धनसिंगचे थोरले भाऊ. घरात शेवटचा शब्द त्यांचा. "याच्या मोनालीसाठी आणलेली बठ्ठी, एकूणएक स्थळं या पाखराने पळवली. अपशकुन म्हणून लोक उठून जातात. आज पारोळ्याचे पाहुणे येताहेत. आज ओरडला, तर उद्या पिंजरा घराबाहेर!"

नूतनला पहिला संशय आला तो मोनालीचा. पोरगी मागच्या खोलीत पुस्तकांच्या ढिगाऱ्यात बसली होती. फौजदारकीच्या परीक्षेची तयारी चालली होती.

"खरं सांग, तूच शिकवलंस ना त्याला?" नूतनने दार लोटून विचारलं.

मोनाली हसली, पण डोळे भरून आले. "मी कशाला शिकवू, ताई? मी या खोलीत असले तरी ओरडतो तो. आणि हवालदार गेला तर मला करमायचं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला परीक्षा द्यायचीय. पण आबांपुढे या घरात कोण बोलणार?"

पोरगी खोटं बोलत नव्हती. नूतन बैठकीत धनसिंगकडे परतली.

"भाऊ, तो ओरडतो तेव्हा तुम्ही काय करता?"

"काय करणार? दाणा देतो. चारचौघांत गप्प तर करायला हवं!"

नूतनने डोक्याला हात लावला. "अहो, मग ओरडण्याचं बक्षीसच झालं की ते! कुत्रा भुंकला म्हणून बिस्कीट द्याल का तुम्ही?"

"नाही बुवा," धनसिंग ओशाळला. "चुकलंच."

"जन्मभर काय शिकवलं रे तू?" आबा कडाडले.

नूतनला हायसं वाटलं. दुखणं सापडलं होतं. आज काही झालं तरी दाणा द्यायचा नाही, असं तिने धनसिंगला बजावून सांगितलं. त्याने मान डोलावली.

पाहुणे आले. पाणी झालं, शेवचिवडा झाला, कापसाच्या भावाचं बोलणं झालं. मोनाली चहा देऊन आत गेली. हवालदार गप्प. कोकिळाबाईंनी मनातल्या मनात हात जोडले.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," मुलाचे वडील म्हणाले. "मग पुढची बैठक..."

धनसिंगने कप खाली ठेवला, मिशीवरून पालथा हात फिरवला. आणि हवालदाराने तुरा उभा करून अशी किंकाळी ठोकली, की मुलाच्या आईच्या हातातला चहा साडीवर सांडला.

"गप रे बाबा, गप!" धनसिंग धडपडत उठला आणि त्याने पिंजऱ्यात दाणा टाकला.

नूतनने दात आवळले. आत्ताच तर सांगितलं होतं या माणसाला!

जरा शांत झालं. पाहुण्यांनी पुन्हा विषय काढला. धनसिंगने पुन्हा मिशी पुसली. पुन्हा तीच किंकाळी, पुन्हा दाणा. मुलाची आई उभी राहिली. "आम्ही कळवतो," एवढंच म्हणाली. आबा तिची समजूत काढत फाटकापर्यंत गेले, कोकिळाबाई पदराने डोळे पुसत आत गेल्या.

बैठकीत नूतन, धनसिंग आणि पक्षी. हवालदार दांडीच्या टोकाशी येऊन मान तिरपी करून बघत होता. दाराकडे नाही, बाहेर चाललेल्या पाहुण्यांकडे नाही. धनसिंगकडे. नूतनने हजारदा पाहिलेली नजर होती ती. काम केलेलं जनावर शिकवणाऱ्याकडे बघतं, तशी.

जन्मभर कुत्री शिकवलेला माणूस एकदा चुकेल. सांगितल्यावर दोनदा चुकेल?

ती पिंजऱ्यापुढे उभी राहिली आणि तिने आपल्या वरच्या ओठावरून पालथा हात फिरवला.

हवालदार घर डोक्यावर घेऊन ओरडला.

फाटकातून आबांचा आवाज आला, "आता काय झालं त्याले? ताई, दुखणं समजलं का? इलाज चालू करणार असाल, तर पिंजरा राहू देतो!"

नूतनने वळून पाहिलं. धनसिंगने दार हळूच लोटून घेतलं. त्याने शांतपणे खिशातून एक दाणा काढून हवालदाराला भरवला आणि नूतनपुढे हात जोडले.

"पोरीची परीक्षा मे महिन्यात शे, ताई. तवर याला बरं करू नका."