राखेवरचा कापूस

साहेब, तुम्ही आम्हाला अर्धंच सांगितलं. तुमच्या खाणीच्या ढिगाऱ्याची माती आंबट आहे, वीजकेंद्राची राख मिसळली की सुधारते, तिथं कापूस लावा, एवढंच बोलले. त्या ढिगाऱ्यात आमची जुनी मसणवट उपसून टाकली होती, हे मात्र गिळलं. तापानं गेलेली आमची तान्ही पोरगी तिथंच पुरली होती.

औंदा गावभरचा कापूस बोंडअळीनं खाल्ला, राखेवरचा तेवढा फुटला. कडक थंडीच्या सकाळी मी, बायको सत्यभामा अन् शेजारची कोकिळा वेचायला गेलो.

"माय, हे बोंड तं गरम लागून राह्यलं वं!" कोकिळा म्हणाली.

"रातभर तूच शेकत बसली असशील त्याले," सत्यभामा हसली अन् तिनं हात लावला.

हसू तिथंच विझलं. तिनं माझी बोटं ओढून बोंडावर ठेवली. बाजूची सगळी बोंडं गार होती. या एकात मात्र काहीतरी उडत होतं, तान्ह्या लेकराची टाळू उडते तसं.

सत्यभामा हळूच म्हणाली, "हिचा ताप अजून उतरला नाही वो."

साहेब, उद्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून तुम्ही इथं राखेचा दुसरा थर टाकणार आहात. तोवर हे बोंड आम्ही तोडावं, की थोपटत बसावं? उत्तर द्या.