साइडिंगवरची बाग

“मी रेल्वेचा माणूस, मास्तर. माळी नाही,” भिकन म्हणाला आणि घोंगडी ओढून भिंतीकडे वळला.

स्टेशनचे दिगंबर मास्तर दारातच उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचं नाव बदललं त्या साली स्टेशनापासून जिनिंगच्या कारखान्यापर्यंत जाणारी कापसाच्या मालगाड्यांची साइडिंग बंद झाली, रूळ उखडून नेले. उरला दगडी फलाट आणि केळीच्या मळ्यांमधून गेलेला खडीचा लांब पट्टा. तिथं लोकांसाठी बाग करायचं बुऱ्हाणपूरच्या नगरपालिकेनं ठरवलं होतं. पाणी घालायला माणूस हवा होता. अठ्ठावीस वर्षं त्या साइडिंगचे सांधे बदलणाऱ्या भिकनचं नाव मास्तरांनीच सुचवलं होतं. रूळ गेल्यापासून तो घराबाहेर पडला नव्हता.

मास्तर जायला निघाले, तशी त्याची बायको भागाबाई चुलीपुढून उठली. “मी आली तर चालंन का, मास्तर?”

मास्तरांनी भिकनच्या पाठीकडे पाहिलं. “चालेल,” ते म्हणाले.

महिनाभर ती रोज सकाळी जात राहिली. परतली की तिच्या लुगड्याला ओल्या मातीचा वास यायचा. भिकन भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. पौषातल्या एका सकाळी मात्र तो उठला आणि तिच्या मागोमाग निघाला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तापीवरून धुकं आलं होतं. फलाट त्यात तरंगत असल्यासारखा दिसत होता. खडीवर आता माती होती, मातीत मोगऱ्याची आणि कण्हेरीची रोपं. कमरेवर कळशी घेऊन भागाबाई पाठमोरी चालली होती; पूर्वी जिथं दोन रूळ होते त्यांच्या मधल्या जागेतून, सावकाश, झोपेत चालल्यासारखी.

फलाटावर उभा असलेला भिकन कडेपर्यंत धावला. “रुळातून चालू नको,” तो ओरडला.

ती थांबली. “का? काय येऊन राह्यलं?”

भिकननं कान दिला. धुक्यात लांबवर काहीतरी धडधडत होतं. की ते त्याच्याच छातीत होतं. मग तेही हळूहळू निवलं.

“काही नाही,” तो म्हणाला.

“मग या खाली.”

तो फलाटाच्या कडेवर बसला. आधी एक पाय खाली सोडला, मग दुसरा. माती गार होती, आणि इतकी मऊ की पाऊल आत रुतलं. भागाबाईनं कळशी त्याच्या हातात दिली आणि रिकाम्या हातांनी पुढे धुक्यात चालू लागली.