खंडेनवमीचा कुर्ता

खंडेनवमीच्या पूजेला कारखान्यात ठेवणीतले कपडे घालून जायची रीत. चंद्रकलाने पांढरा कुर्ता घातला. रोज तसलेच कुर्ते शिवता शिवता तिचा त्यावर जीव जडला होता. वर्षभर मन मारून शेवटी मॉलमधून एक विकत घेतलाच. शिलाई मशीनला हळदकुंकू वाहताना बाहीला हळद लागली, तरी ती दिवसभर मिरवली.

सुटताना गेटवर रोजची झडती. पहाऱ्यावरच्या ढमढेरेबाईंनी गळ्यामागचं लेबल पाहिलं.

"अगं, हा तर आपल्या इथला माल!"

"विकत घेतलाय, बाई."

"बिल दाखव."

बिल तिने पिशवीसोबत फेकून दिलं होतं. तिने मैत्रिणींकडे पाहिलं. सकाळी "कसला खुलून दिसतोय गं" म्हणणाऱ्या त्या बायका आता खाली बघून चपला शोधत होत्या. आपल्यातली कुणी एवढा महागाचा कुर्ता विकत घेईल, हे त्यांनाही पटत नव्हतं. कुर्ता जमा झाला. अंगावर कामाचा ॲप्रन चढवून ती घरी गेली.

दसऱ्याची सुटी संपल्यावर सुपरवायझरने तोच कुर्ता तिच्यापुढे टाकला. "बाहीवरचा डाग काढ. पॅकिंगला जायचाय."

तिने साबण लावला, तशी हळद लालभडक झाली. घासून घासून बोटं सोलली, पण डाग हटेना.

सुपरवायझरने बाही उजेडात धरली. "माल बाद झाला. आता हा तूच ठेव, किंमत पगारातून कापतो," तो म्हणाला. "रीतसर पावती देतो. ती मात्र जपून ठेव."