मागची दांडी

शिकाऊ ग्लायडरमध्ये पुढे विद्यार्थी बसतो, मागे शिक्षक, आणि दोघांच्या सुकाणूच्या दांड्या एकमेकींना जोडलेल्या असतात. मागून दांडी दोनदा हलली, की पुढच्याने हात काढून म्हणायचं, “घ्या सर.”

सरांची विद्यार्थिनी आज पहिल्यांदाच एकटी उडणार होती. मागच्या रिकाम्या आसनाचे पट्टे सरांनी स्वतः आवळून बांधले. “माझी बोलणी खाल्ल्याशिवाय करमेल ना गं?”

चारशे मीटर उंचीवर ग्लायडरला वर खेचणारा दोर सुटला. नुसता वाऱ्याचा आवाज राहिला.

मग दांडी दोनदा हलली.

साठ उड्डाणांची सवय होती. तिने हात काढला. “घ्या सर.”

ग्लायडर सफाईने वळलं आणि मैदानाकडे पाठ करून टेकड्यांकडे निघालं. तिने दांडी जिवाच्या आकांताने ओढली. ती तसूभरही हलली नाही. उंची कमी होत होती. आत्ता वळलं नाही, तर मैदान गाठणं शक्य नव्हतं.

“अगं, कुठे चाललीस?” रेडिओवर सर ओरडले.

“सर, दांडी हलत नाहीये.”

“घाबरून आवळून धरली असशील. सोड ती. ग्लायडर आपोआप सरळ होईल.”

“सर,” ती म्हणाली, “माझे दोन्ही हात मांडीवर आहेत.”